पोरं देजाच्या हिशेबात नाहीत

प्रिय बाय,

तुझा निरोप मिळाला. शिमग्याला तुझा नवरा वीटभट्टीवरून घरी येईल, पंच बसतील, काडीमोड होईल, देजाचा, म्हणजे लग्नात त्याच्याकडून तुझ्या माहेरी आलेल्या पैशांचा, हिशेब होईल, हे सगळं तुला ठाऊक आहे. तुझा प्रश्न एकच आहे, पोरं कुणाकडे राहणार? तुझ्या थोरल्या दिराने तुला सांगितलंय, "पोरं बापाची. बाई गेली तर रिकामी जाते." हे खरं का, असं तू विचारलंस.

ते खरं नाही. कायद्यात असं कुठेही लिहिलेलं नाही. एवढं फोनवर सांगून भागलं असतं, पण यात बारीकसारीक खाचा आहेत आणि त्या तुझ्या भावालाही समजायला हव्यात, कारण पंचांपुढे तुझ्या बाजूने बोलायला तोच बसणार. म्हणून लिहून पाठवते आहे. त्याला हे पत्र वाचायला दे.

टीव्हीच्या मालिकांत जो घटस्फोट दिसतो तो तुझा नव्हे, हे आधी लक्षात घे. १९५५ चा हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. त्याच कायद्याच्या कलम २(२) मध्ये तसं लिहिलं आहे. केंद्र सरकारने मुद्दाम अधिसूचना काढली तरच तो लागू होतो. म्हणजे वारली, कोकणा, कातकरी, महादेव कोळी, ठाकर, आपल्या जव्हार-मोखाड्यातली बहुतेक घरं त्या कायद्याच्या बाहेर आहेत. जव्हारच्या बाजारपेठेतल्या बिगर-आदिवासी हिंदू जोडप्याला कलम १३ खाली अर्ज करता येतो, दोघं राजी असतील तर १३-ब खाली. तुमच्यापैकी कुणी तसा अर्ज टाकला, तर दोन वर्षं तारखा खाऊन झाल्यावर समोरचा वकील उठून म्हणू शकतो की हा अर्ज मुळातच चालत नाही. २०२१ साली दिल्ली उच्च न्यायालयाने मीणा जमातीच्या एका जोडप्याबाबत वेगळा निकाल दिला. ज्यांचं लग्न हिंदू पद्धतीने झालं आणि चालीरीतीही हिंदूच आहेत, त्यांना या कायद्याबाहेर ठेवता येत नाही, असं त्या न्यायालयाने म्हटलं. पण तुझं लग्न धवलेरीने लावलं. भिंतीवर चौक लिहिला होता, त्यात पालघट देवी बसली होती. ती दिल्लीची वाट धरायचं तुला कारण नाही.

तुझ्याकडे जमातीची रीत आहे, आणि ती कमी प्रतीची आहे असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नकोस. मुंबईत १८८४ साली दादाजी भिकाजी नावाच्या माणसाने आपल्या बायकोला नांदायला पाठवा म्हणून खटला भरला. ती रखमाबाई. लहानपणी लावून दिलेलं लग्न तिला मान्य नव्हतं. १८८७ मध्ये न्यायालयाने तिला सांगितलं की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ती तुरुंगाला तयार झाली. पुढे तडजोड झाली, ती विलायतेला जाऊन डॉक्टर झाली. मुंबई प्रांतात हिंदू बाईला घटस्फोट कायद्याने मिळाला तो १९४७ साली, साऱ्या देशात १९५५ साली. आपल्या डोंगरात मात्र "मला याच्याकडे नांदायचं नाही" असं पंचांना सांगून बाई उठू शकत होती आणि दुसरा पाट लावू शकत होती. ही मोकळीक तुमच्या आज्या-पणज्यांनी जपली आहे. ती तुझी आहे, ती वापर.

पण रीतीची एक मोठी उणीव आहे. ती तोंडी असते. आणि कोर्टात तोंडी रीत आपोआप मान्य होत नाही. जो म्हणतो "आमच्यात अशी रीत आहे", त्यानेच ती सिद्ध करायची. २००१ साली एका आदिवासी बाईची तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. ती उरांव, नवरा संथाल. त्याने दुसरं लग्न केलं म्हणून त्याला शिक्षा व्हावी, असं तिचं म्हणणं होतं. हिंदू विवाह कायदा लागू नाही, आणि आमच्या जमातीत एकाच बायकोची रीत आहे हे तिला सिद्ध करता आलं नाही. ती हरली. तुझ्या नवऱ्याने भट्टीवर दुसरी बाई ठेवली आहे, त्यासाठी त्याला आत टाकता येईल का, असं तुझ्या भावाने मला मागे विचारलं होतं. ते फार अवघड आहे. त्यात शक्ती घालवू नका. तीच गोष्ट दुसऱ्या ठिकाणी तुझ्या उपयोगाची आहे, ते पुढे सांगते.

तर पंच बसतील तेव्हा कागद कर. कागद म्हणजे नोटरीकडून पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर टाइप करून आणलेला तो तयार मसुदा नव्हे. मी असे कागद पुष्कळ पाहिलेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून आणलेले, खाली चार अंगठे, आणि मधे एक ओळ ठरलेली असते: "यापुढे पोटगी मागणार नाही, मुलांवर हक्क सांगणार नाही." ही ओळ असलेल्या कागदावर सही करू नकोस, अंगठाही देऊ नकोस. अशी पोटगी सोडून देण्याची लिखापढी कायद्याच्या धोरणाविरुद्ध आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलं आहे. आणि पोरांची पोटगी तर तुझी नव्हेच, ती त्यांची आहे. आईला ती सोडून देताच येत नाही. पण एकदा कागद झाला की तो खोडून काढायला वर्षं जातात. त्यापेक्षा कागद आपल्याला हवा तसा करून घ्यावा. त्यात लिहायचं: आमची जमात कोणती, लग्न कुठे कोणत्या साली झालं, धवलेरी कोण होती, आमच्या जमातीत पंचांसमोर काडीमोड करायची रीत आहे, अमुक तारखेला अमुक पंचांसमोर ती झाली, देज किती होतं आणि कुणी कुणाला काय दिलं. पंचांच्या सह्या, दोन्हीकडच्या साक्षीदारांच्या सह्या, पोलीस पाटलांची सही मिळाली तर बरंच. उद्या कुणी आव्हान दिलं, तर हा कागद घेऊन दिवाणी न्यायालयातून 'रीतीप्रमाणे आमचा काडीमोड झाला आहे' असं जाहीर करून घेता येतं. आणि पोरांविषयी या कागदात एवढंच लिहा की पोरं सध्या कुणाकडे राहतील, बाप कधी भेटेल आणि खर्चाला काय देईल. हक्क सोडल्याचा शब्द नको.

देजाविषयी माझं ठाम मत आहे, ते लिहिते. गोदावरी परुळेकरांनी डहाणू-तलासरीच्या वारल्यांत १९४५ साली काम सुरू केलं तेव्हा तिथे लग्नगडी होते. लग्नाच्या खर्चासाठी सावकाराकडून पैसे उचलायचे आणि नवरा-बायकोने जन्मभर त्याच्याकडे राबायचं. लग्नाचं कर्ज माणसाला कुठवर नेतं हे आपल्या भागाने सोसून पाहिलं आहे. आजही कितीक जोडपी लग्न न लावता राहतात ती खर्च झेपत नाही म्हणून, आणि मग पोरं मोठी झाल्यावर सामुदायिक विवाहात उभी राहतात. देज परत द्यायचं की नाही हे पंच ठरवोत. पण "देज फिटत नाही, तर पोरगा ठेवून जा" हे मी ऐकलं आहे, आणि हे ऐकलं की माझ्या अंगावर काटा येतो. पोरगं काही बैल नाही, की हिशेबात वळतं करावं. पंच असं बोलले तर तुझ्या भावाने तिथेच, सगळ्यांदेखत, नाही म्हणायला हवं.

मी आश्रमशाळेत नोकरीला होते तेव्हा दिवाळीच्या सुटीचा दिवस मला नको वाटे. सकाळपासून पालक येत, रजिस्टरवर सह्या करून पोरं नेत. एका वर्षी तिसरीतल्या एका पोराला न्यायला चुलता आला आणि तासाभराने आई आली. आई-बापाचा काडीमोड पावसाळ्यात झाला होता. पोरगा पत्र्याची पेटी दोन्ही हातांनी धरून व्हरांड्यात उभा. चुलता म्हणे चल, आई म्हणे चल. मुख्याध्यापकांनी दोघांना विचारलं, कुणाकडे काही कागद आहे का? कुणाकडेच नव्हता. प्रवेशाच्या फॉर्मवर बापाचं नाव, खाली चुलत्याची सही, म्हणून पोरगा चुलत्याबरोबर गेला. आई एसटी थांब्यापर्यंत त्यांच्या मागोमाग चालत गेली. त्या दिवशी तिथे कायद्याचं कुणीच नव्हतं, पण निकाल लागला, आणि तो फॉर्मवरच्या सहीने लागला. तुझा मोठा आश्रमशाळेत आहे. उद्याच शाळेत जा. अर्ज देऊन पालक म्हणून तुझं नाव आणि फोन नंबर लावून घे, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घे.

आता पोरांचा कायदा. हिंदूंचा मुलांच्या पालकत्वाचा १९५६ चा कायदाही जमातींना लागू नाही. लागू आहे तो १८९० चा पालक आणि पाल्य कायदा. तो सगळ्यांना आहे, धर्म-जात न बघता. त्याचा अर्ज जिल्हा न्यायालयात जातो, आणि कुठल्या? तर पोरगं नेहमी जिथे राहतं त्या भागातल्या. कलम १७ सांगतं की न्यायाधीशाने पोराचं हित पाहायचं: त्याचं वय, मुलगा की मुलगी, त्याला सांभाळणाऱ्याची वागणूक आणि ऐपत, आणि पोरगं समजतं असेल तर त्याला काय वाटतं तेही. ऐपत म्हणजे पैसा एवढाच अर्थ न्यायालयं घेत नाहीत. दिवाळीनंतर भट्टीवर जाणारा बाप पोरांना कुणाकडे ठेवतो, तिथे शाळा आहे का, दारू किती, रात्री पोरं कुणाजवळ झोपतात, हे सगळं त्यात येतं. तुझ्याविषयीही हेच विचारतील. तूही उचल घेऊन भट्टीवर जाणार असशील तर पोरं कुठे राहतील याचं उत्तर तुझ्याजवळ तयार हवं. "आजीकडे, आणि शाळा आश्रमशाळेची" हे चांगलं उत्तर आहे, पण मग आजीला तसं कबूल असायला हवं आणि तिने ते न्यायालयात सांगायला हवं.

हा अर्ज जिल्हा न्यायालयात म्हणजे वेळ आणि गाडीभाडं. त्याआधी जवळची वाट आहे, आणि तुझ्यासाठी मला तीच पटते. त्याने तुला मारलं आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा सगळ्या बायकांना आहे, लग्न लागलेलं असो की लग्नासारखं एकत्र राहणं असो. त्यात कलम २१ आहे: दंडाधिकारी पोरांचा तात्पुरता ताबा आईला देऊ शकतात आणि बापाने कधी कसं भेटायचं तेही ठरवून देऊ शकतात. अर्ज तू सध्या जिथे राहतेस तिथल्या न्यायालयात चालतो, नवरा भिवंडीकडे भट्टीवर असला तरी. संरक्षण अधिकाऱ्याकडे आधी जा. तो तुझी हकिगत ठरलेल्या नमुन्यात लिहून घेतो, हे त्याचं कामच आहे. दवाखान्यात गेली होतीस तेव्हाचा केसपेपर असेल तर बरोबर ने. नसेल तर कुटीर रुग्णालयात जाऊन नक्कल माग.

पोटगीचंही तसंच. जुनं कलम १२५ तुझ्या भावाने ऐकलं असेल. १ जुलै २०२४ पासून ते नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालं, आशय तोच. बायको, काडीमोड झालेली आणि पुन्हा लग्न न केलेली बायको, पोरं, म्हातारे आईबाप, सगळ्यांना हे कलम आहे, आणि जमातीचा प्रश्न यात येतच नाही. पोरं तर लग्नाची असोत की बिनलग्नाची, बापाला ती पोसावीच लागतात. लग्नाचा पुरावा म्हणून इथे सप्तपदी लागत नाही. तुम्ही नवरा-बायको म्हणून राहिलात हे धवलेरी, शेजारी, रेशनकार्ड, पोरांचे जन्मदाखले, अंगणवाडीचं रजिस्टर यावरून दाखवता येतं. २०१३ मध्ये तर महाराष्ट्रातून गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, पहिलं लग्न लपवून फसवलेल्या दुसऱ्या बाईलाही पोटगी दिली. आणि मघाशी म्हटलं ते: नवऱ्याने दुसरी बाई ठेवली असेल, तर "तू नांदायला का येत नाहीस" असं तो तुला विचारू शकत नाही. त्याच्याकडे न राहायला ते कायद्याने पुरेसं कारण आहे. त्याला तुरुंगात नाही टाकता आलं तरी इथे ती गोष्ट तुझ्या बाजूने उभी राहते.

पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरावी, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये नागपूरहून आलेल्या खटल्यात सांगितलं आहे. म्हणून शिमग्याची, पंचांची वाट बघत बसू नकोस. अर्ज आधी टाक. आणि एक खाच: हुकूम झाल्यावर त्याने पैसे दिले नाहीत तर वसुलीचा अर्ज थकल्यापासून एक वर्षाच्या आत करायचा असतो. आपल्या बायका "देईल, देईल" म्हणत दोन वर्षं थांबतात आणि मागचं बुडतं. कॅलेंडरवर खूण करत जा. तो कुठल्या मालकाच्या भट्टीवर आहे, मुकादम कोण, हे आत्ताच लिहून ठेव, नाहीतर समन्स पाड्यावर येऊन परत जाईल.

पंच रागावतील, वाळीत टाकतील, ही तुझ्या आईची भीती मला कळते. २०१६ चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात जुलै २०१७ पासून चालू आहे. वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे. पण ही धमकी म्हणून वापरू नका. आपल्याकडचे पंच बहुतेक समंजस आहेत, गावातलेच काका-मामा आहेत. "आम्ही रीत पाळतो, फक्त पोरांचं न्यायालयात ठरू द्या," असं भावाने शांतपणे म्हटलं तर पुष्कळदा ऐकतात.

वनपट्ट्याचं विसरू नकोस. २००६ च्या वनहक्क कायद्यात लग्न झालेल्यांचा पट्टा दोघांच्या नावे काढायचा असतो. तुमच्या वरईच्या वरकस तुकड्याच्या पट्ट्यावर तुझं नाव आहे, मी स्वतः वाचलं आहे. घरातून निघालीस म्हणून ते नाव जात नाही. "इथे अंगठा दे, नाव कमी करायचंय" असं कुणी म्हणालं तर देऊ नकोस.

अजून एक काम आहे, ते भांडण वाढण्याआधी करावं लागेल. पोरांना पुढे जातीचा दाखला आणि जात वैधता लागेल, आणि समिती बापाच्या घराण्याचे जुने कागद मागते, ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचे असले तर उत्तम. सासऱ्याचा शाळा सोडल्याचा दाखला, त्यांच्या बापाची जन्म-मृत्यूची नोंद, जुना सातबारा, जे सापडेल त्याच्या झेरॉक्स आत्ता काढून घे. सासू अजून तुझ्याशी बोलते ना? तिला सांग नातवासाठी हवंय, ती देईल. पुढे हेच कागद मिळवायला पोरगा अठराव्या वर्षी चुलत्याच्या दारात उभा राहील. दोन्ही पोरांचे जन्मदाखलेही ग्रामपंचायतीतून काढून ठेव.

तुझ्या धाकट्या नणंदेबद्दल तू ओझरतं लिहिलंस, की तिलाही नांदायचं नाही. तिचं लग्न सोळाव्या वर्षी लावलं. २००६ चा बालविवाहाचा कायदा जमातींनाही आहे. तो म्हणतो की असं लग्न तिला स्वतःला रद्द करून घेता येतं, पण वीस वर्षांची होईपर्यंतच. तिला काडीमोडाची गरज नाही. तिचं पोरगं औरस धरलं जातं, त्याचा ताबा आणि पोटगीही त्याच अर्जात ठरते. ती एकोणीस पूर्ण आहे ना? मग तिला थांबायला वेळ नाही. तिला तुझ्याबरोबर घेऊन ये, सासरच्यांशी तुझं कितीही बिनसलं असलं तरी.

आणि बाय, त्याच्याविषयी. तो तुझा नवरा म्हणून वाईट निघाला, पण पोरगा त्याच्या खांद्यावर बसून बोहाड्याची सोंगं बघतो हे मी पाहिलं आहे. भेट ठरवताना "बिलकूल भेटू देणार नाही" असं लिहू नकोस. त्याच्या सुटीचे दिवस शिमगा आणि पावसाळ्याची लावणी हेच. तेव्हाच्या भेटी ठरव, दिवसा, आजीच्या देखत, आणि दारू पिऊन आला तर नाही, हे लिहून. न्यायालयालाही असाच मसुदा पटतो, आणि पोराला पुढे तुला जाब विचारावा लागत नाही.

वकिलाला पैसे देऊ नकोस. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे प्रत्येक बाईला आणि अनुसूचित जमातीच्या प्रत्येक माणसाला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. तालुका विधी सेवा समिती जव्हारच्या न्यायालयातच बसते. नाहीतर १५१०० ला फोन कर. मी तिथली स्वयंसेवक आहे, त्यामुळे अर्ज भरायला मी असेनच. येताना आधार, रेशनकार्ड, पोरांचे दाखले, केसपेपर आणि पट्ट्याची झेरॉक्स आण. धाकट्या लेकीला घेऊन ये, तिला ठेवून येऊ नकोस. ती आज तुझ्याकडे आहे हेही न्यायालयाला दिसायला हवं. मोखाड्याहून सकाळची पहिली एसटी धर, म्हणजे संरक्षण अधिकाऱ्याकडचं काम त्याच दिवशी उरकेल.

तुझ्या,
बाई